म्हातारपणी पाय कोणी धुवायचे?

नागपंचमीला सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्यात एसटी भरभरून येतात. जिवंत नागांच्या खेळांवर न्यायालयाने बंधने घातल्यापासून सणाचा बाज बदलला, पण माहेरवाशिणी यायच्या थांबल्या नाहीत. वर्षातून एकदा येणाऱ्या लेकीला जे दिसते ते घरात रोज वावरणाऱ्याच्या नजरेला येत नाही. आईचे लुगडे तीन दिवसांचे आहे. रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट भरलेलेच आहे. कालवणात मीठ दोनदा पडले आहे.

लेक न्हाणीत पाणी काढते आणि म्हणते, “आये, चल, मी घालतो आंगूळ.”

“मला काय झालंया? घेतो की माझी मी!”

तिथून जी बोलाचाली सुरू होते ती पंचमी उलटेपर्यंत मिटत नाही. माहेरपणाला आलेली लेक आईचेच माहेरपण करून परत जाते, आणि तेही आईचे बोल खाऊन. जिने चार मुलांची न्हाणी केली, सासू-सासऱ्यांची दुखणी काढली, दारात आलेल्या प्रत्येकापुढे आधी पाण्याचा तांब्या ठेवला, तिच्यासाठी कुणी तांब्या उचलला की तिला राग का यावा?

‘म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण’ असे म्हणून आपण हा प्रश्न झटकून टाकतो. ते उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी थोडे वैद्यकशास्त्र लागते. आणि जिचे मूळ कामच सेवा मानले गेले, त्या ख्रिस्ती परंपरेने या कोड्याशी कशी झटापट केली, तेही पाहण्यासारखे आहे. शिराळ्याच्या आसपास ही परंपरा परकी नाही. वारणेपलीकडचे कोडोली, इकडे इस्लामपूर (आताचे ईश्वरपूर), सांगली, मिरज ही सारी प्रेस्बिटेरियन मिशनची जुनी ठाणी. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेले इस्पितळ या भागातल्या कित्येक घरांना दुखण्याखुपण्यात ठाऊक झाले.

वरचे खाचर आधी आटते

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात सिडनी कॅट्झ नावाचे डॉक्टर होते. खुब्याचे हाड मोडलेले, अर्धांगवायू झालेले वृद्ध त्यांच्या देखरेखीखाली असत. माणूस स्वतःचे स्वतः किती करू शकतो हे मोजण्यासाठी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली सहा साध्या कामांची एक यादी प्रसिद्ध केली: आंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, खाटेवरून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि घास तोंडात घालणे. ही कामे साधारण याच क्रमाने हातातून सुटतात, असे त्यांना दिसले. आंघोळ आधी जाते, घास सर्वांत शेवटी. लहान मूल मात्र उलट चालते. ते आधी घास घ्यायला शिकते आणि स्वतःची स्वतः नीट आंघोळ करायला सगळ्यांत उशिरा.

शिराळ्याच्या पश्चिमेकडे डोंगरउतारावर भाताची खाचरे आहेत. पाऊस ओढ घेतो तेव्हा वरचे खाचर आधी कोरडे पडते, तळचे शेवटपर्यंत ओल धरते. म्हातारपणही काहीसे असेच उतरते. आंघोळीच्याही वर आणखी काही खाचरे आहेत. १९६९ साली लॉटन आणि ब्रोडी या अभ्यासकांनी ती मोजली: फोन करणे, बाजारहाट, स्वयंपाक, घरची आवराआवर, धुणे, प्रवास, औषधे वेळेवर घेणे आणि पैशाचा हिशेब. न घेतलेल्या गोळ्या आणि दोनदा पडलेले मीठ हे या वरच्या खाचरांचे वर्तमान.

‘दुसरे बालपण’ हे उत्तर लंगडे पडते ते इथे. दोन वर्षांच्या पोराला आंघोळ घालताना त्याच्याकडून काही काढून घेतले जात नाही, कारण त्याच्याजवळ ते नव्हतेच. सत्तर वर्षे स्वतःची आंघोळ स्वतः करणाऱ्या बाईच्या हातातून तांब्या घेतला की तिचे काहीतरी जाते. तिची चिडचिड लेकीवर नसते, त्या जाण्यावर असते.

एक खाचर आटले म्हणून सगळे शेत पडीक धरायचे नसते. जिला आंघोळ जमत नाही तिला भाजी निवडता येते, आणि कदाचित बँकेत सहीही करता येते. पण घरचे घाईने सगळेच काढून घेतात, चुलीपासून पेटीच्या किल्लीपर्यंत. यात प्रेम असते आणि सोयही असते. सोय जरा जास्तच.

पेत्राचा हट्ट

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात एक प्रसंग आहे. शेवटच्या जेवणाच्या रात्री येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो, भांड्यात पाणी घेतो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. त्या काळी यहूदी प्रांतातले रस्ते धुळीचे आणि पायांत उघड्या वहाणा. पाहुण्याचे पाय धुणे हे घरातल्या खालच्या गड्याचे काम. आपल्याकडेही पाहुणा आला की पाय धुवायला तांब्याभर पाणी देतात, पण घरचा कर्ता स्वतः वाकून कुणाचे पाय धुतो ते लग्नात, जावयाचे. इथे गुरूच वाकला होता.

प्रवचनांतून या गोष्टीचे तात्पर्य नेहमी एकच निघते: तुम्हीही वाका, दुसऱ्यांचे पाय धुवा. ते चूक नाही. पण गोष्टीचा निम्मा भाग पेत्र या शिष्याचा आहे आणि त्याच्याकडे कुणी फारसे पाहत नाही. पेत्र कोळी, जाळी ओढून घट्टे पडलेला गडी. त्याने साफ नकार दिला. माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत, असे तो म्हणाला. त्यावर येशूचे उत्तर कडक आहे: धुऊ दिले नाहीस तर तुला माझ्याबरोबर वाटा नाही. पुढे तो शिष्यांना सांगतो की तुम्ही एकमेकांचे पाय धुवा. ‘एकमेकांचे’ या शब्दातच दोन बाजू आल्या. धुणारा हवा, तसा पाय पुढे करणाराही हवा.

न्हाणीच्या दारात अडून बसलेली आई आणि पेत्र यांचे दुखणे एकच. आयुष्यभर जे देत आले त्यांना घेणे म्हणजे कमीपणा वाटतो. देणाऱ्याचा हात वर असतो ना!

याच शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात येशू पेत्राला आणखी एक गोष्ट सांगतो. तरुण होतास तेव्हा तू स्वतः कंबर बांधून हवे तिकडे जात होतास. म्हातारा झालास की तू हात लांब करशील, दुसरा तुझी कंबर बांधेल आणि नको तिथे नेईल. हे पेत्राच्या मरणाविषयी होते असा खुलासा शुभवर्तमानकाराने लगेच केला आहे. तो मान्य करूनही, ज्याने आपल्या वडिलांचे धोतर एकदा तरी बांधून दिले आहे त्याला या ओळी वेगळ्या कानाने ऐकू येतील. कपडे घालणे ही कॅट्झच्या यादीतली दुसरी पायरी.

बर्जिल्लय शहरात का गेला नाही?

शिराळा तालुक्यातले डोंगराकडचे निम्मे गाव मुंबईत असते, असे थट्टेने म्हणतात. आधी गिरण्या आणि गोदी होती, मग माथाडी काम आणि पुढे नोकऱ्या. गावी राहिले ते म्हातारे. त्यामुळे ‘आता तिकडंच या’ आणि ‘मी न्हाय यायचो’ हा संवाद इथल्या घरांना पाठ आहे.

बायबलच्या जुन्या करारात, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, तो जसाच्या तसा सापडतो. मुलगा अबशालोम उलटल्यावर दावीद राजा जीव घेऊन पळाला, तेव्हा गिलाद प्रांतातल्या बर्जिल्लय नावाच्या श्रीमंत म्हाताऱ्याने त्याला आणि त्याच्या माणसांना अन्न पुरवले. बंड मोडल्यावर दावीद त्याला म्हणाला, माझ्याबरोबर यरुशलेमेला चला, मी तुमचा सांभाळ करीन. बर्जिल्लय ऐंशी वर्षांचा. त्याने दिलेली कारणे आजच्या कुठल्याही आजोबांच्या तोंडी शोभतील. खाल्ल्याप्यायल्याची चव कळत नाही, गाणाऱ्यांचा आवाज ऐकू येत नाही, तिथे येऊन राजाला ओझे कशाला व्हायचे? माझ्या गावी, आईबापांच्या थडग्याजवळ मला मरू द्या. एवढे बोलून तो थांबला नाही. किम्हाम नावाच्या तरुणाला त्याने पुढे केले आणि सांगितले, याला न्या, माझ्यासाठी जे करायचे ते याच्यासाठी करा.

दावीदाने ओढाताण केली नाही. त्याने किम्हामाला नेले, म्हाताऱ्याचे चुंबन घेतले आणि त्याला घरी जाऊ दिले. सांभाळ करणाऱ्याला आपले प्रेम आवरतेही घ्यावे लागते, याचे इतके रोखठोक उदाहरण दुसरे सापडणे कठीण. अर्थात बर्जिल्लयाकडे पैसा होता आणि गडीमाणसे होती. ज्या घरी म्हातारी एकटी आहे, गुडघे गेले आहेत आणि आडावर दोर ओढायचा आहे, तिथे नुसते ‘राहू दे तिला तिच्या घरी’ म्हणणे ही पळवाट ठरते.

कुर्बान आणि वीट

पळवाटेबद्दल येशू एके ठिकाणी फार चिडलेला दिसतो. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात ‘कुर्बान’ हा शब्द येतो, म्हणजे देवाला अर्पण केलेली वस्तू. काही लोक आपली मिळकत ‘कुर्बान’ म्हणून जाहीर करत, आणि मग आईबापांनी हात पसरला की सांगत, हे तर देवाचे झाले, आता तुम्हाला कसे देऊ? धर्माचे नाव घेऊन आईबापांना टाळणे येशूने ढोंग ठरवले.

पंढरपूरच्या वाटेवरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता म्हणून देवाला विटेवर ताटकळावे लागले. दोन्हीकडे निवाडा सारखाच आहे: आधी घरातले म्हातारे, देव थांबू शकतो.

बायबलमध्येच, प्रेषित पौलाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीमथ्याच्या पहिल्या पत्रात हेच व्यवहाराच्या भाषेत येते. विधवेला मुले किंवा नातवंडे असतील तर आईबापांचे उपकार फेडण्याचा पहिला धडा त्यांनी गिरवावा. ज्यांना कुणीच नाही त्यांचा भार मंडळीने, म्हणजे चर्चच्या स्थानिक सभासदांनी, घ्यावा. साठी उलटलेल्या विधवांची यादी ठेवण्याची सूचनाही त्या पत्रात आहे. भारताच्या कायद्यानेही ज्येष्ठ नागरिकाची व्याख्या साठीलाच बांधली. २००७ च्या या कायद्याप्रमाणे मुलांनी टाकलेले आईवडील उपविभागीय अधिकाऱ्यापुढच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहासाठी अर्ज करू शकतात, वकिलाशिवाय. महिन्याला दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता लावता येतो. कायदा पैसे मिळवून देईल; आंघोळ कोण घालणार ते मात्र त्यात लिहिलेले नाही.

तिरडीला चार खांदे

घरच्यांनी किती उचलायचे आणि इतरांनी किती, या प्रश्नाचे उत्तर पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात सापडते, आणि पहिल्या वाचनाला ते चक्रावून टाकते. सहाव्या अध्यायात पौल सांगतो, एकमेकांची ओझी वाहा. तीनच ओळींनंतर म्हणतो, प्रत्येकाने आपला भार आपणच वाहावा. मग खरे काय?

मूळ ग्रीकमध्ये हे दोन वेगळे शब्द आहेत. पहिला ‘बारोस’, म्हणजे माणूस दबून जाईल असे जड ओझे. दुसरा ‘फोर्तिओन’, म्हणजे वाटसरूच्या पाठीवरचे गाठोडे. बाजारातून आणलेली पिशवी ज्याची त्याने न्यावी. भाताचे पोते गाडीत चढवायचे तर दुसरा गडी लागतो. घरच्या म्हाताऱ्यांची रोजची विचारपूस, औषधपाणी, बोलणे-बसणे हे गाठोडे. अंथरुणाला खिळलेला माणूस रात्री चार वेळा कुशीवर वळवणे हे पोते. एकट्या सुनेच्या पाठीवर पोते देऊन ‘तुझे कर्तव्यच आहे’ म्हणणाऱ्यांनी दोन शब्दांतला हा फरक लक्षात घ्यायला हवा.

पंडिता रमाबाईंना हा फरक फार कोवळ्या वयात कळला. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे कुटुंब तीर्थांतून पायी भटकत होते. वडील अनंतशास्त्री डोंगरे म्हातारे, डोळे जवळजवळ गेलेले. १८७४ मध्ये ते गेले, पाठोपाठ आई लक्ष्मीबाई गेल्या. आईची तिरडी उचलायला चार जण हवे होते आणि घरचे होते दोघेच, रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. अखेर दोन ब्राह्मणांना दया आली. सोळा वर्षांच्या रमाबाईंची उंची कमी पडत होती, म्हणून आपल्या बाजूचा दांडा त्यांनी डोक्यावर घेतला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि परतल्यावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. त्यानंतर केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. तिथे दुष्काळातल्या मुली आल्या, तशाच अंध आणि वृद्ध बायकाही आल्या. ज्यांना दोन खांदेही नव्हते त्यांच्यासाठी उरलेले खांदे उभे करणे, असे त्या कामाचे वर्णन करता येईल. रमाबाईंना मुलगी एकच, मनोरमा. आईच्या संस्थेत ती उजवा हात झाली होती. आईनंतर तीच सारे सांभाळणार असे धरलेले होते. मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये वारल्या, आईच्या आधी. कानांनी अधू झालेल्या रमाबाईंना पुढचे आठ-नऊ महिने मुक्तीतल्या त्याच बायकांनी पाहिले ज्यांना एके काळी त्यांनी पाहिले होते. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या.

वडील आणि डीकन

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळ्यांत दोन पदे ऐकू येतात: ‘वडील’ आणि ‘डीकन’. दोन्ही शब्दांचे मूळ ग्रीक आहे. ‘प्रेस्बुतेरोस’ म्हणजे वयाने मोठा, म्हणून मराठीत सरळ ‘वडील’ झाले. ‘दियाकोनोस’ म्हणजे सेवक, पंगतीत वाढपी म्हणून राबणाराही. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमेच्या मंडळीत तक्रार उठते की ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाढपात डावलले जाते. तेव्हा या कामासाठी सात माणसे निवडण्यात आली. एका धर्माची पदरचना म्हाताऱ्या विधवांच्या ताटावरून सुरू व्हावी, ही गंमत विसरण्यासारखी नाही.

वडील हा सल्ला देणारा आणि डीकन हा वाढणारा. एकाच माणसाच्या आयुष्यात ही दोन्ही पदे येतात आणि जातात. पन्नाशीत जो पंगतीत वाढत होता तो ऐंशीव्या वर्षी पंगतीत बसतो; तेव्हाही मंडळीसाठी प्रार्थना करणे, तंटा मिटवणे आणि नातवंडांना जुन्या गोष्टी सांगणे त्याच्याकडेच असते. बायबलमधल्या रूथच्या गोष्टीतही असेच घडते. सून रूथ शेतात सरवा वेचून म्हाताऱ्या सासूला, नामीला, जगवते. शेवटी रूथला मुलगा होतो तेव्हा त्याला मांडीवर घेऊन वाढवते ती नामीच. शेजारणी तर म्हणतात, नामीलाच मुलगा झाला.

देण्या-घेण्याच्या या अदलाबदलीत सर्वांत नवलाचे घर टिळकांचे. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई पाच वर्षांनी. लक्ष्मीबाईंचे वडील इतके सोवळे की मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेत. त्याच बाईंच्या संसारात दुष्काळातली अनाथ पोरे येऊन राहिली. १९१७ साली टिळकांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाची ख्रिस्तभक्तांची संगत मांडली. दोन वर्षांनी टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य दहाएक अध्यायांवर थांबले होते. ज्या बायकोला त्यांनी लग्नानंतर लिहा-वाचायला लावले, तिने त्यात ६४ अध्यायांची भर घालून ते पुरे केले.

*चौकट: पंचमीला घरी आल्यावर काय पाहावे*
• गोळ्या मोजा. विचारू नका, मोजा.
• फोन, बाजार, हिशेब यांतले काय सुटले आहे? तेवढेच हातात घ्या.
• आंघोळीला स्टूल आणि धरायला दांडा द्या. तोंड आणि हात तिचे तिलाच धुऊ द्या. तुम्ही पाठ आणि पाय धुवा.
• अंगावर पंचा राहू द्या. पाणी ओतण्याआधी सांगा.
• एक काम तिच्याकडून मागून घ्या: लसूण सोलणे, नातवाला गोष्ट, घरासाठी प्रार्थना.
• ‘पोते’ कोणते ते ओळखा आणि दुसरा खांदा ठरवा: भाऊ, शेजारीण, मंडळीतले डीकन, गावातली आशाताई.

एसटीत बसण्याआधी

पाय धुऊन घेणे पेत्राला एका रात्रीत जमले, कारण समोर गुरू होता. न्हाणीच्या दाराशी बसलेल्या आईसमोर पोटची पोर आहे, तिला वेळ लागणारच. पहिल्या दिवशी फक्त पाय धुऊ दिले तरी पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी पाठ. लेकीने तोवर रागावू नये आणि आईने बोल लावले तर ते मनावर घेऊ नयेत.

पण पंचमी संपते आणि एसटी सुटते. परतणाऱ्या लेकींनी आणि मुंबईकर भावांनी निघण्याआधी एक काम करावे. पुढच्या मंगळवारी पाणी कोण काढून देणार, गोळ्या कोण मोजणार आणि रात्री दार वाजवून कोण पाहणार, त्या तीन माणसांची नावे आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत कागदावर लिहावेत आणि तो कागद आईच्या नजरेसमोर, चुलीजवळच्या भिंतीला चिकटवावा. तीन नावे सापडत नसतील तर मुक्काम एक दिवस वाढवावा.